मनोरमेची आई

माझी मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा मी बी.एड.ला प्रवेश घेतला. कॉलेज जिल्ह्याच्या गावी, आमच्याकडून एस.टी.नं अडीच तास. मुलीला आईकडे ठेवलं. सोमवारी पहाटेची गाडी, शनिवारी संध्याकाळी परत. सुरुवातीला मी दारात दिसले की ती धावत यायची. दिवाळीनंतर एका शनिवारी आले, तर ती आजीच्या पदरामागे गेली आणि तिथूनच माझ्याकडे बघत राहिली. आई म्हणाली, अगं झोपेतून उठलीय. पण ती झोपेतून उठलेली नव्हती, हे आईलाही माहीत होतं आणि मलाही.

त्या वर्षात जो भेटेल तो एकच प्रश्न विचारायचा, मुलीचं काय? हाच प्रश्न माझ्या नवऱ्याला मात्र कोणी विचारला नाही.

त्याच वर्षी शिक्षणाच्या इतिहासाच्या पेपरसाठी पंडिता रमाबाईंचं चरित्र हातात घेतलं. टिपणं काढायची होती शारदा सदन आणि मुक्ती मिशनची. पण तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात रमाबाईंच्या कडेवर मनोरमा आली आणि माझं टिपण तिथेच थांबलं. पुढे पुस्तकभर मी एवढंच शोधत गेले, की आत्ता मुलगी कुठे आहे? आई वर्गात आहे, सभेत आहे, बोटीवर आहे, तेव्हा ही पोर कोणाजवळ आहे? रमाबाई म्हटलं की आपल्याला विदुषी आठवते, विधवांची शाळा आठवते, नाहीतर धर्मांतर आठवतं. मी मात्र तेव्हापासून त्यांना मनोरमेची आई म्हणूनच ओळखते. आज तीच गोष्ट सांगणार आहे.

गोष्ट सुरू होते ती रमाबाईंच्या आईपासून. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवायचं, या एका हट्टापायी ते गावाचा रोष पत्करून कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. बायको लक्ष्मीबाई, लग्न झालं तेव्हा नऊ वर्षांची. ती शिकली आणि चांगली शिकली. २३ एप्रिल १८५८ रोजी त्या रानातच रमाबाईंचा जन्म झाला. सहा महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघालं, तेव्हा वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोंगराखाली आणलं होतं.

त्यांना शिकवलं ते मुख्यतः आईनं. आता ही आई कशी शिकवत असेल? दिवसभर स्वयंपाकपाणी, नवऱ्याचं, मुलांचं, आल्यागेल्याचं. वेळ उरायचा तो फक्त पहाटेचा. पाखरं बोलायला लागायच्या वेळी ती पोरीला कुशीत घेऊन गोंजारत उठवायची आणि तोंडी धडा द्यायची. उजाडलं की धडा संपला, मग दिवस कामाचा. रमाबाईंना हजारो श्लोक पाठ होते याचं आपण कौतुक करतो. मला त्या श्लोकांमागे झोप मोडून बसलेली लक्ष्मीबाई दिसते. आपल्यापैकी कितीजणींचे अभ्यास पहाटे चार ते सहा या वेळात झालेत, आठवून बघा.

रमाबाई सोळा वर्षांच्या असतील-नसतील, तेव्हा दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण काही महिन्यांच्या आत गेले. उरले ती आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी पायी देश पालथा घातला. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि पंडिता, सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी तिनं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. तो ब्राह्मण नव्हता, त्यामुळे दोघांनाही आपापल्या लोकांनी दूर केलं. आसामात सिल्चरला संसार मांडला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा पटकीनं गेला.

हिशेब मांडला तर वय तेवीस, कडेवर दहा महिन्यांची मुलगी. आईवडील नाहीत, बहीण-भाऊ नाही, सासर असून नसल्यासारखं. मी मुलीला माझ्या आईकडे ठेवून गेले होते. रमाबाईंकडे ठेवायला आईच नव्हती. पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट मनात ठेवा.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, ज्याला आपण हंटर आयोग म्हणतो, त्यांनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांना बायका शिक्षिका हव्यात आणि बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्यांना सांगून थांबायचा स्वभाव नव्हता, स्वतःच डॉक्टर व्हायचं ठरवलं. पैसे कुठून आणायचे? ‘स्त्रीधर्मनीति’ नावाचं पुस्तक लिहून छापलं आणि त्याच्या विक्रीतून बोटीचं भाडं उभं केलं. १८८३ च्या उन्हाळ्यात त्या इंग्लंडला निघाल्या. बरोबर आनंदीबाई भगत नावाच्या मैत्रीण आणि दोन वर्षांची मनोरमा.

मुलीला मागे ठेवण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे ती बरोबर. इथपर्यंत सोपं होतं. कठीण पुढे आहे.

इंग्लंडात वाँटेज नावाच्या गावी सेंट मेरी मठाच्या सिस्टर राहत. त्यांचं पुण्यात काम होतं, तिथूनच ओळख झालेली. त्यांनी मायलेकींना आसरा दिला. तिथे पोचल्यावर काही महिन्यांतच आनंदीबाईंनी आत्महत्या केली. परक्या देशात सोबतीला आपल्या भाषेत बोलणारं एकच मोठं माणूस होतं, ते असं गेलं. सप्टेंबर १८८३ मध्ये रमाबाईंनी मुलीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे महाराष्ट्रात जो गदारोळ उठला तो आपण पुस्तकांतून वाचलेला आहे, त्यात मी शिरत नाही.

डॉक्टरीचं काय झालं? तर रमाबाईंना कानानं कमी ऐकू येत होतं. ते वाढत गेलं आणि वैद्यकाचा अभ्यास जमणार नाही हे ठरून गेलं. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच दार बंद. घरी परतायचं तर घर नाही. अशा वेळी त्या सिस्टरांच्या घरात भरतकाम करत राहू शकल्या असत्या. तसं न करता १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. प्राचार्या होत्या डोरोथिया बील. व्यवस्था अशी ठरली, की रमाबाईंनी तिथे संस्कृत शिकवायचं आणि स्वतः गणित, शास्त्र, इंग्रजी शिकायचं. म्हणजे एकाच कॉलेजात त्या शिक्षिकाही आणि विद्यार्थिनीही.

आणि मनोरमा? ती बराच काळ वाँटेजला, सिस्टरांजवळ. आई दुसऱ्या गावी. सुट्टीत भेट, एरवी पत्रं. तीन-साडेतीन वर्षांच्या पोरीला पत्र लिहायचं म्हणजे ते दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवायचं. त्या पत्रांचा संग्रह पुढे छापला गेला. त्यात देवाधर्मावरची मोठमोठी पत्रं आहेत, आणि मधूनच लेकीसाठी लिहिलेली लाडाची छोटी पत्रं. तेव्हा ती मी वाचली नव्हती. पुढे वाचली तेव्हा सोमवारच्या पहाटेच्या एस.टी.तली माझी खिडकीकडेची सीट आठवली.

सिस्टर जेराल्डिन म्हणून होत्या. रमाबाईंच्या धर्ममाता, त्यांच्यावर माया करणाऱ्या. मनोरमेवर तर त्यांचा फार जीव. पण ज्याच्याकडे मूल राहतं तो हळूहळू मुलाबद्दल ठरवायला लागतो, हे काही फक्त इंग्लंडात होत नाही. पोरीला प्रार्थना कोणती शिकवायची, देवाबद्दल काय सांगायचं, हे सिस्टरांनी आपलं काम मानलं. रमाबाईंना चर्चचं सगळंच पटत नव्हतं. येशू पटला होता, पण त्याच्याभोवतीची सगळी मतं त्या डोळे मिटून मान्य करत नव्हत्या. जे मला स्वतःला पटलेलं नाही ते माझ्या मुलीला शिकवू नका, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. सिस्टरांना हा कृतघ्नपणा वाटला, गर्व वाटला. रमाबाई मांस-मासे खात नव्हत्या, तेसुद्धा त्यांना जुन्या जातीचा अभिमान वाटायचा.

विचार करा, किती अवघड जागा आहे ही. डोक्यावर छप्पर त्यांचं. मूल त्यांच्या हाती. आपण त्यांच्या उपकाराखाली. भांडलं आणि त्यांनी सांगितलं, घेऊन जा तुझी मुलगी, तर अभ्यास संपला. गप्प बसलं तर मुलगी हळूहळू दुसऱ्यांची. माझ्या ओळखीत अशा कितीतरी जणी आहेत, ज्या सासूबाई सांभाळतात म्हणून नोकरी करू शकतात आणि त्याच कारणानं मुलाच्या बाबतीत एक शब्द बोलू शकत नाहीत. रमाबाई बोलल्या. आभार मानून बोलल्या, पण बोलल्या. मदत घेतली म्हणजे मुलीवरचा हक्क लिहून दिला असं त्यांनी मानलं नाही. आणि तरीही मुलीला तिथेच ठेवलं, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या.

याच सुमाराला आणखी एक वाद झाला. चेल्टनहॅमला रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावं अशी कल्पना निघाली. त्यावर मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली, हिंदुस्थानात हे बरं दिसणार नाही म्हणून. भर सभेत शास्त्र्यांशी संस्कृतात बोललेल्या बाईला हे सांगणं! रमाबाई संतापल्या. आपल्या देशात आपण काय करावं हे साहेबानं ठरवू नये, असा त्यांचा सूर होता. मुलीच्या बाबतीतही त्यांचं म्हणणं शेवटी इथेच येऊन पोचतं. मनोरमेनं इंग्लंडातच वाढावं, चांगलं शिक्षण घ्यावं, असं सिस्टरांना वाटे. रमाबाईंना ते नको होतं. तिनं आपल्या लोकांत वाढावं, त्यांच्यापेक्षा वरची आणि परकी होऊ नये, ही त्यांची ओढ. स्वतःच्या लोकांनी वाळीत टाकलेली बाई हे म्हणत होती.

फेब्रुवारी १८८६. आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर होणार होत्या. त्या रमाबाईंच्या नात्यातल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली यांनी रमाबाईंना समारंभाला बोलावलं. सिस्टरांना हे जाणं पसंत नव्हतं. रमाबाई भर हिवाळ्यात अटलांटिक ओलांडून गेल्या, आणि या वेळी मनोरमा बरोबर, पाचवं सरत आलेली. ११ मार्च १८८६ च्या त्या समारंभाला एकाच ठिकाणी या दोघी होत्या. एकीचं पहिलं मूल दहा दिवसांचं होऊन गेलेलं, त्या दुःखातूनच जिनं डॉक्टरी गाठली. दुसरी कानांमुळे डॉक्टर होऊ न शकलेली, मूल हाताशी धरून आलेली. आनंदीबाई वर्षभरातच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात वारल्या.

रमाबाई थोड्या दिवसांसाठी गेल्या होत्या, राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. विधवांसाठी शाळा काढायची, तर पैसे हवेत आणि शिकवायची नवी पद्धत हवी. गावोगाव व्याख्यानं. फिलाडेल्फियात फ्रोबेलच्या बालवाडी पद्धतीचं प्रशिक्षण. मला हे फार बोलकं वाटतं. ज्या बाईला स्वतःच्या मुलीला सांभाळायला दिवस पुरत नव्हता, ती लहान मुलं कशी शिकतात याच्या वर्गात जाऊन बसली होती. मराठी मुलांसाठी क्रमिक पुस्तकंही त्यांनी तिथेच तयार करायला घेतली. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि हजारोंनी खपलं. त्याच वर्षाच्या शेवटी बॉस्टनला त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. दहा वर्षं शाळेचा खर्च देऊ, असं तिनं कबूल केलं.

आणि मनोरमा? तिला पुन्हा इंग्लंडला पाठवावं लागलं. त्याच सिस्टरांकडे.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर मला राग आला. ज्यांच्याशी एवढं भांडली त्यांच्याकडेच पाठवली? पाच-सहा वर्षांची पोर, मध्ये समुद्र. मग काही दिवसांनी डोकं थंड झाल्यावर दुसरं दिसलं. तिच्याकडे तेवढंच एक दार होतं. अमेरिकेतलं रोज नवं गाव, नवं घर, आगगाडीतल्या रात्री, यांत पोरीला फरफटत नेणं तिला जमलं नसेल. ज्यांच्याशी पटत नाही पण जे मुलीवर जीव लावतात, ते माहीत होते. कोणी म्हणेल, तिनं मुलीपेक्षा काम मोठं मानलं. असेलही. मला आजही याचं एक उत्तर देता येत नाही. माझ्या आईनं ठेवून घेतलं नसतं तर मी बी.एड. सोडलं असतं. रमाबाईंनी सोडलं नाही.

१८८९ मध्ये रमाबाई मुंबईत परत आल्या आणि ११ मार्चला त्यांनी शारदा सदन उघडलं. आनंदीबाईंच्या पदवीदानाचीच ती तारीख. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी नावाची एक बालविधवा होती. पुढे त्या महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. मनोरमाही आता आईजवळच होती. वाढत होती ती विधवा मुलींच्या घोळक्यात. आईच्या मांडीवर हक्क सांगणाऱ्या आता कितीतरी जणी होत्या.

सदनाचं पुढचं आपण शाळेत शिकलोय. १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून मोठा वाद झाला आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. मग दुष्काळ आले. रमाबाईंनी दुष्काळात भुकेनं आईवडील गमावले होते. त्यामुळे १८९६-९७ मध्ये त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना गोळा करून आणलं. पुण्याजवळ, सोलापूरच्या रेल्वेलाइनवर, केडगावला जमीन घेतलेली होती. तिथे १८९८ मध्ये मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुली दीड हजारावर गेल्या. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायका चालवायच्या. त्या सगळ्या धबडग्यात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या. कधी? तर पुन्हा तेच, पहाटे आणि रात्री.

मनोरमा शिकली. न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेत काही वर्षं होती. मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली. आपल्या लोकांत वाढावं, परकी होऊ नये, हे आईचं म्हणणं तिनं आयुष्यभर खरं केलं. परदेशात जाऊन आईच्या कामासाठी पैसे उभे केले, शारदा सदनची प्राचार्या झाली. १९१२ मध्ये गुलबर्ग्याला शाळा काढण्यातही तिचा हात होता. आईला तर आता जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. लोक आईशी बोलायला आले की मनोरमा मध्ये असायची. पूर्वी आईची पत्रं मुलीला दुसऱ्याकडून समजून घ्यावी लागायची, आता आईला बाहेरचं जग मुलीकडून समजत होतं.

माझ्या मैत्रिणी विचारतात, आई अशी लांब लांब राहिली, तर मुलीनं मनात अढी धरली असेल ना? मनोरमेच्या मनात काय होतं ते मी कसं सांगू? एवढंच दिसतं, की तिनं लग्न केलं नाही आणि आईचं काम धरलं. यात प्रेम किती आणि भार किती, ते वाचणारीनं आपापलं ठरवावं. आईला लेक मदतनीस म्हणून हवी होती, आणि लेकीला तब्येत साथ देत नव्हती, हेही त्यात आलं.

मुक्तीचा कारभार आपल्यानंतर मनोरमेनं बघावा, अशी रमाबाईंची योजना होती. ते झालं नाही. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या इस्पितळात मनोरमा वारली. वय चाळीस. इतक्या वर्षांत मायलेकींच्या मध्ये कितीदा समुद्र आला, किती बोटी झाल्या, प्रत्येक वेळी ती आईकडे परत आली होती.

रमाबाई त्यानंतर भाषांतराची मुद्रितं तपासत केडगावला राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मधले महिने साडेआठ.

बी.एड.ची माझी वही अजून माळ्यावरच्या पेटीत आहे. परवा आवराआवर करताना सापडली. शारदा सदनची उद्दिष्टं पाच मुद्द्यांत लिहिलीत, त्याला बाईंनी बरोबरची खूण केलीय. बाजूला समासात पेन्सिलीनं, माझ्याच अक्षरात, एकाखाली एक लिहिलंय: सिल्चर. पुणे. वाँटेज. फिलाडेल्फिया. वाँटेज. मुंबई. खाली माझ्या मुलीनं केव्हातरी एक वेडीवाकडी चिमणी काढून ठेवलीय. बहुतेक एखाद्या रविवारी, मी अभ्यास करत होते तेव्हा.